समुद्राची नवी खोती



गेल्या वर्षावासात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात मी फळ्यावर विषय लिहिला : ‘समुद्रातली पवनऊर्जा आणि तिचे कायदे’. खडू खाली ठेवायच्या आत मागच्या रांगेतून आयटीआय झालेला एक मुलगा म्हणाला, “ताई, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती अडकलेली आहे, आणि आपण समुद्रातल्या पंख्यांवर बोलायचं? आपला काय संबंध?”

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी मी दिलेले उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे ते उत्तर नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडक्यात वस्तुस्थिती पाहू. भारताला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा आहे. गुजरात आणि तामिळनाडू या दोन राज्यांसमोरच्या समुद्रात मिळून सुमारे ७० हजार मेगावॉट पवनऊर्जा निर्माण होऊ शकते, असा सरकारचा अंदाज आहे. २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय समुद्री पवनऊर्जा धोरण आणले. २०१८ मध्ये उद्दिष्ट जाहीर झाले : २०२२ पर्यंत ५ हजार मेगावॉट आणि २०३० पर्यंत ३० हजार मेगावॉट. २०२२ आले आणि गेले, समुद्रात एकही व्यावसायिक पवनचक्की उभी राहिली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम अधिसूचित झाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निविदा निघाल्या, मुदती वाढत गेल्या, आणि २०२५ मध्ये तामिळनाडूसमोरच्या ४ हजार मेगावॉटची आणि गुजरातसमोरच्या ५०० मेगावॉटची निविदा रद्द करावी लागली.

म्हणजे आज आपण एका मधल्या अवस्थेत आहोत. पहिला फेरा फसला आहे, दुसऱ्याची तयारी चालू आहे. कंपन्या म्हणणार, आणखी सवलती द्या. सरकार देणार. नेमकी हीच वेळ बोलण्याची आहे. पाया भरण्याआधी नकाशा बदलता येतो, स्लॅब पडल्यावर येत नाही.

आजोबांची गोष्ट

माझे आजोबा कोकणातले. त्यांच्या तोंडून खोताच्या वेठीच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या. खोत म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसलेला मक्तेदार. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून जे वसूल होईल ते आपले म्हणायचे. जमीन सरकारची, घाम कुळाचा, वरकड खोताची. आमच्या लोकांच्या वाट्याला तर कुळपणही नव्हते, नुसती वेठ होती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्या मोर्चात कोकणातले कुणबी होते आणि महारही होते. स्वतंत्र मजूर पक्षाच्या झेंड्याखाली दोघे एकत्र आले, कारण दोघांच्या मानेवर बसलेला एकच होता. ते विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, समुद्रतळाच्या भाडेपट्ट्याचे नियम वाचताना मला वारंवार खोती आठवली. संविधानाच्या कलम २९७ नुसार किनाऱ्यालगतच्या समुद्राखालची जमीन आणि तिथली मौल्यवान संपत्ती केंद्राच्या मालकीची आहे. केंद्र ती कंपनीला देणार : आधी पाहणीसाठी तीन वर्षे, त्यात दोन वर्षांची वाढ शक्य, आणि पुढे प्रकल्प उभारून चालवण्यासाठी ३५ वर्षे. ३५ वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. आज जन्मलेले मूल तेव्हा स्वतःच्या मुलांना शाळेत सोडत असेल.

मालक सरकार, मक्ता कंपनीकडे. मग त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारे कोण? कुळ? वेठकरी? की अतिक्रमक? कायद्याने याचे उत्तर आधी द्यायला हवे.

समुद्राला सातबारा नाही

आपल्या चळवळीला गायरानाचा प्रश्न चांगला माहीत आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन आपल्या माणसाने फोडली, कसली, पोरे जगवली. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो अतिक्रमक. आणि त्याच जमिनीवर मोठा प्रकल्प आला की तो विकास.

समुद्र हे किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांचे गायरान आहे. कुठल्या खडकापाशी कोणत्या महिन्यात कोणता मासा येतो, कुठे जाळे टाकायचे आणि कुठे नाही, याचे पक्के नियम मच्छीमार समाजांत असतात. पण ते तलाठ्याच्या दप्तरात नसतात. जंगलातल्या लोकांसाठी निदान २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याची अंमलबजावणी कशी आहे हा वेगळा विषय, पण दावा दाखल करायला एक कागद तरी आहे. किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कांसाठी २००९ मध्ये एका कायद्याचा मसुदा तयार झाला होता, त्याचा कायदा झाला नाही.

त्यात भर अधिकारक्षेत्रांच्या गुंत्याची. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारी हा राज्याचा विषय. त्यापलीकडे केंद्राचा. पवनऊर्जा नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे. पर्यावरण वेगळ्या मंत्रालयाकडे. २०१५ च्या धोरणात संरक्षण, गृह, परराष्ट्र, जहाजवाहतूक, पेट्रोलियम, अवकाश अशा कितीतरी खात्यांच्या मान्यता आहेत. रडारला अडथळा होतो का, हे विचारणारे खाते आहे. तेलविहिरीला धोका आहे का, हे विचारणारे खाते आहे. मासे सुकवणाऱ्या बाईची चूल पेटेल का, हे विचारणे मात्र कोणत्याच खात्याचे काम नाही.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी आणि जनसुनावणी लागते त्यांची यादी आहे. त्या यादीत पवनऊर्जा नाही. यादी झाली तेव्हा पवनचक्की म्हणजे माळरानावरचा खांब, एवढेच चित्र असावे. समुद्रातल्या प्रकल्पासाठी २०१५ च्या धोरणात पर्यावरणीय अभ्यास सांगितला आहे. पण तज्ज्ञांनी केलेला अभ्यास आणि गावकऱ्यांसमोर झालेली सुनावणी यांत फरक आहे. सुनावणीत सामान्य माणूस उभा राहून प्रश्न विचारू शकतो आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागतो.

आता पाण्यावर प्रत्यक्ष काय होते ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार समुद्रातल्या अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठेवता येते. ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ पाऊण चौरस किलोमीटर. १० मेगावॉटच्या १०० पवनचक्क्या धरल्या तर १ हजार मेगावॉटसाठी फक्त या वर्तुळांचेच क्षेत्र ७८ चौरस किलोमीटर होते. मधली जागा आणि तळाशी टाकलेल्या केबल वेगळ्या. त्या मधल्या जागेत मासेमारी करायची की नाही, हे प्रत्येक देशाने आपापले ठरवले आहे. ब्रिटनमध्ये साधारणपणे परवानगी आहे, बेल्जियममध्ये बंदी आहे. वारा दोन्हीकडे तोच, पवनचक्कीही तीच. मच्छीमार पाण्यात राहणार की बाहेर जाणार, हे तिथल्या सरकारने लिहिलेल्या नियमाने ठरले.

पैसा कोणाचा?

२०२४ च्या योजनेतले ७,४५३ कोटी रुपये असे वाटले आहेत : ६,८५३ कोटी १ हजार मेगावॉटच्या प्रकल्पांना अनुदान म्हणून, त्यात ५०० मेगावॉट गुजरातसमोर आणि ५०० तामिळनाडूसमोर, आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. या अनुदानाला ‘व्हायबिलिटी गॅप फंडिंग’ म्हणतात. प्रकल्पाचा खर्च आणि विजेच्या दरातून येणारे उत्पन्न यांच्यातला खड्डा सरकारने भरून द्यायचा, असा त्याचा सरळ अर्थ.

या प्रकल्पांतून वर्षाला ३७२ कोटी युनिट वीज मिळेल, असे सरकारने सांगितले आहे. २५ वर्षांत ९,३०० कोटी युनिट. ६,८५३ कोटी रुपयांना ९,३०० कोटी युनिटांनी भागा. प्रत्येक युनिटमागे सुमारे ७४ पैसे जनतेच्या तिजोरीतून जाणार, तेही वीज वापरण्याआधी आणि व्याज न धरता. शिवाय समुद्रातले सबस्टेशन आणि वीज किनाऱ्यावर आणण्याची व्यवस्था पॉवरग्रिड ही सरकारी कंपनी करणार. ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत सुरू होणाऱ्या समुद्री पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क माफ आहे. ते शुल्क हवेत विरत नाही, ग्रिड वापरणाऱ्या इतरांच्या बिलात ते वाटले जाते.

मी या खर्चाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. नवी तंत्रे सुरुवातीला महागच असतात, जमिनीवरच्या पवन आणि सौर विजेचेही तसेच होते. मुद्दा असा की, जमीन जनतेची, अनुदान जनतेचे, सबस्टेशन जनतेचे, शुल्कमाफीचा बोजा जनतेवर, तर मग जनतेच्या वाट्याला काय? रद्द झालेली तामिळनाडूची ४ हजार मेगावॉटची निविदा अशी होती की, अनुदान नाही, पण समुद्राची जागा घ्या आणि वीज तुम्हाला हवी त्याला विका. म्हणजे सार्वजनिक समुद्रावरची वीज कोणत्या कारखान्याला जाईल हे बाजार ठरवणार. किनाऱ्यावरच्या झोपडीतला मीटर त्या हिशेबात कुठेच नव्हता.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा वीज हा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी हेच प्रश्न विचारले होते : वीज सार्वजनिक मालकीची असावी की खासगी? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? त्यांच्या दृष्टीने वीज ही औद्योगिकीकरणाची पूर्वअट होती आणि औद्योगिकीकरण हा दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस बाहेर काढण्याचा मार्ग होता. पुढे १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद संविधानातच असावी, अशी मागणी केली. संविधानात ती तशी आली नाही. पण कलम ३९ (ख) आले. समाजाच्या भौतिक साधनांची मालकी आणि नियंत्रण सर्वांचे हित साधेल अशा रीतीने वाटले जावे, असे ते सांगते. समुद्रावरचा वारा हे भौतिक साधन नाही तर काय आहे?

आधी करार, मग आयोग : आपण एकदा भोगले आहे

महाराष्ट्राला हा धडा नव्याने शिकायची गरज नाही. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदी करार केला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये. त्याच वर्षी दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाला ती महागडी वीज झेपेना आणि प्रकल्प बंद पडला. म्हणजे आधी करार झाला, दर बांधले गेले, स्थानिकांची आंदोलने मोडली गेली, आणि नंतर दर तपासणारी संस्था जन्माला आली. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

पवनचक्क्यांचाही अनुभव आहे. एमएच्या प्रबंधासाठी मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पठारावरच्या गावात राहिले होते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. ज्यांची जमीन होती त्यांना करारापोटी रक्कम मिळाली. करार इंग्रजीत होता, त्यामुळे कोणाला किती मिळाली याची खात्री कोणालाच नव्हती. रस्ता गायरानातून गेला. त्या गायरानावर बौद्धवाडीतली चार घरे नाचणी करत होती. त्यांच्या नावावर काही नव्हते, म्हणून त्यांना काही मिळाले नाही. नोकरी म्हणून दोन मुलांना ठेकेदाराकडे वॉचमन ठेवले आणि तीन-तीन महिने पगार थकवला. त्यांतला एक मला म्हणाला होता, “मॅडम, पंखा आमच्या डोक्यावर फिरतो, पण वारा आम्हाला लागत नाही.” प्रबंधात मी हे वाक्य घातले नाही. मार्गदर्शकांना ते शास्त्रीय वाटले नसते. आज वाटते, घालायला हवे होते.

नुकसानभरपाई कोणाच्या हातात?

इथे आपल्याच बाजूच्या एका भाबडेपणाबद्दल बोलले पाहिजे. प्रकल्पविरोधी आंदोलनांत ‘स्थानिक समाज’ असा शब्द वापरला जातो, जणू किनाऱ्यावर सगळे एक आहेत. बाबासाहेबांनी खेड्याबद्दलचा भ्रम आपल्याला ठेवू दिलेला नाही, मग किनाऱ्याबद्दल तो का ठेवायचा?

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारवा, कोळी आणि मुस्लिम मच्छीमार आहेत. कन्याकुमारी-थुथुकुडीकडे मुक्कुवर आणि परवर आहेत. मन्नारच्या आखातात समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे तर बोटही नाही, बुडी मारणारे शरीर एवढेच त्यांचे साधन. आणि मोठ्या बोटींवर राबणारे खलाशी बाहेरून येतात. आंध्रच्या श्रीकाकुलमहून येतात, आपल्या पालघर जिल्ह्यातूनही जातात. सागरी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्यांच्या बातम्या येतात तेव्हा गुजरातच्या बोटींवरच्या पालघरच्या आदिवासींची नावे त्यात असतात. महाराष्ट्रासमोर आज एकही प्रकल्प नसला तरी या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते आहे ते या माणसांमुळे.

उद्या पवनचक्क्यांमुळे मासेमारीचे क्षेत्र घटले आणि भरपाई जाहीर झाली तर ती कोणाला मिळेल? ज्याच्या नावावर बोटीची नोंदणी आणि परवाना आहे त्याला. खलाशाला नाही, मासळी वाहणाऱ्या बाईला नाही, जाळे विणणाऱ्याला नाही, बर्फ फोडणाऱ्याला नाही. बौद्धवाडीच्या नाचणीचे झाले तेच. खोती हटाव लढ्यात बाबासाहेबांनी कुळाच्या हक्काबरोबर वेठकऱ्याचाही विचार केला होता. आपल्याला तोच दुहेरी विचार करावा लागेल : कंपनीसमोर मच्छीमारांच्या बाजूने उभे राहायचे आणि मच्छीमार समाजात तळाच्या माणसाच्या बाजूने.

मग पवनऊर्जा नकोच का?

तसे मी म्हणणार नाही. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. त्याची राख कोणाच्या घरांवर पडते, कोळशाच्या खाणींसाठी कोणाची गावे उठली, हे विदर्भातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. उन्हाचा कडाका वाढला की पहिला कोसळतो तो पत्र्याच्या घरातला माणूस, ऊसतोड कामगार, रस्त्यावर डांबर टाकणारी बाई. हवामान बदलाची झळ जात बघून लागत नाही असे म्हणतात, पण घराचे छप्पर, कामाची जागा आणि प्यायचे पाणी जात बघूनच मिळालेले असते. म्हणून स्वच्छ वीज आपल्याला हवीच आहे. समुद्रातला वारा जमिनीपेक्षा जोरात आणि सलग वाहतो. सरकारच्या वरच्याच आकड्यांनुसार १ हजार मेगावॉटची समुद्री पवनऊर्जा वर्षभरात क्षमतेच्या सुमारे ४२ टक्के वीज देईल. रात्रीही देईल, पावसाळ्यातही देईल, जेव्हा सौर वीज लंगडी पडते.

प्रश्न पंखा हवा की नको हा नाही, भाडेपट्ट्याच्या कागदावर कोणत्या अटी असाव्यात हा आहे. माझ्या मते त्या अटी पुढीलप्रमाणे असाव्यात.

१. भाडेपट्ट्याआधी वहिवाटीची नोंद. प्रत्येक क्षेत्रात कोण, कोणत्या हंगामात, कशी मासेमारी करतो याची नोंदवही मच्छीमारांकडूनच भरून घ्यावी. स्थानिक भाषेत जनसुनावणी कायद्याने सक्तीची करावी.

२. भरपाई माणसाला, बोटीला नाही. खलाशी, मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या स्त्रिया, जाळी विणणारे यांची यादी करून रक्कम थेट त्यांच्या खात्यात जावी. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांची गणना वेगळी व्हावी.

३. समुद्रतळाच्या भाड्यातला वाटा किनाऱ्याला. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकाला रॉयल्टीच्या प्रमाणात १० ते ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. समुद्रासाठी तसा निधी का नसावा? आणि त्याच्या समितीवर फक्त पालकमंत्री आणि कलेक्टर का असावेत?

४. जिथे अनुदान तिथे हिस्सा. सार्वजनिक पैसा लागतो तिथे सार्वजनिक किंवा सहकारी भागीदारी हवी. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेन प्रकल्पात २० पवनचक्क्या आहेत. त्यांतला अर्धा हिस्सा साडेआठ हजारांहून अधिक सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेचा होता. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने हे उदाहरण साखर कारखान्यांच्या सरदारांना न विचारता वाचावे.

५. जिथे अनुदान तिथे आरक्षण. अनुदानाच्या करारातच प्रशिक्षण आणि नोकऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि बाधित कुटुंबांचे प्रमाण लिहून घ्यावे. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनी जबाबदार धरावी.

६. दर खुल्या सुनावणीत. वीज खरेदी करार सही होण्याआधी नियामक आयोगापुढे यावा, हिशेब मराठी, गुजराती, तमिळमध्ये लोकांना मिळावा.

७. मोडणीची ठेव आधीच. जगातला पहिला समुद्री पवन प्रकल्प, डेन्मार्कमधला विंडेबी, १९९१ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये उतरवला गेला. प्रत्येक पवनचक्कीला शेवट असतो. कंपनी बुडाली तर समुद्रातले लोखंड काढण्याचा खर्च पुन्हा जनतेवर यायला नको.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : अशा अटी घातल्या तर कंपन्या येणार नाहीत. माझा साधा सवाल आहे, यातली एकही अट नीट नसताना निविदांना प्रतिसाद मिळाला का? नाही मिळाला. कंपन्या थबकल्या त्या खात्रीचा ग्राहक नाही, खास जहाजे आणि सज्ज बंदरे नाहीत, खर्च प्रचंड आहे म्हणून. हे भारतापुरते नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्या लिलावात समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही, पुढच्या फेरीसाठी सरकारने कमाल दर वाढवला. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या लिलावातही एकही बोली आली नाही. कंपन्या नकार देऊन सवलत वाढवून घेतात, हा सौदा आहे. आपले सरकारही सवलत वाढवेल. मग सौद्यात आपणही काही मागावे. सवलतीच्या प्रत्येक रुपयामागे एक सार्वजनिक अट. अट न घालता दिलेल्या सवलतीला माझ्या आजोबांच्या भाषेत एकच शब्द होता, इनाम.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांचा : कोळी-खारव्यांसाठी आपण का लढायचे? ते आपल्यासाठी येतात का? कटू अनुभव मलाही आहेत. पण १९३८ चा मोर्चा आठवा. कुणबी तेव्हा महाराच्या घरी पाणी पीत होता का? तरी तो त्या मोर्चात चालला, कारण बाबासाहेबांनी त्याला त्याचाच प्रश्न स्वच्छ करून दाखवला. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते फक्त तहान भागवायला नाही. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले. समुद्राचे पाणी खारे आहे म्हणून ते तत्त्व बदलत नाही.

आता त्या आयटीआयच्या मुलाकडे येते. त्याने फिटरचा कोर्स केला आहे. उद्या पश्चिम किनाऱ्यावर कुठेही समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या तर त्या जोडायला, दुरुस्त करायला हजारो हात लागतील. ते हात कंत्राटी वॉचमनचे असतील की प्रशिक्षित तंत्रज्ञाचे, हे पवनचक्की उभी राहिल्यावर ठरणार नाही. ते आता, मंत्रालयातल्या मसुद्यात ठरत आहे. मसुद्यांवर हरकती मागवल्या जातात, त्यांना मुदत असते, आणि त्या मुदतीत कंपन्यांच्या वकिलांच्या हरकती वेळेवर पोहोचतात. आपल्या नाही.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यातल्या अभ्यासवर्गाने हे नियम एकदा एकत्र बसून वाचावेत. किनाऱ्यावरच्या शाखांनी मच्छीमार संघटनांना, विशेषतः खलाशांना आणि मासे विकणाऱ्या बायकांना, विहारात बोलवावे आणि आधी ऐकून घ्यावे. वकील मित्रांनी वरच्या सात अटींचे हरकतीत रूपांतर करावे. नवी निविदा निघेल त्या दिवशी आपले पत्र तयार असले पाहिजे.

खोती संपवायला आपल्याला पिढ्या लागल्या, कारण ती रुजल्यानंतर आपण लढायला उभे राहिलो. समुद्रावर अजून एकही पंखा नाही. या वेळी तरी आधी उभे राहू.

जय भीम!